तुरुंगातल्या माणसाला पत्र लिहायचे असेल तर

तुरुंगात पत्र पाठवता येते का, ते आतल्या माणसाच्या हातात पडते का, आणि आपण त्याचे नातेवाईक नसलो तरी चालते का? हे तीन प्रश्न आमच्याकडे वारंवार येतात. विचारणारा बहुधा आवाज खाली करूनच विचारतो. तिन्हींची उत्तरं क्रमाने अशी: हो, बहुतेक वेळा, आणि काही अटींवर हो. या उत्तरांचा तपशील पुढे देत आहोत. ज्यांच्या घरातलं, गल्लीतलं, मशिदीच्या सफमधलं कोणी आत आहे त्यांनी तो वाचून ठेवावा. ज्यांचं कोणी आत नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही.

आधी आकडा बघू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ म्हणजे शेकडा पंच्याहत्तरच्या वर कच्चे कैदी. कच्चा कैदी म्हणजे ज्याच्यावर खटला चालू आहे, निकाल लागलेला नाही, गुन्हा सिद्ध झालेला नाही, तरीही तो आत आहे. २०११ च्या जनगणनेत मुसलमानांचं देशातलं प्रमाण १४.२ टक्के होतं. कच्च्या कैद्यांमधलं प्रमाण त्याहून जास्त आहे आणि हे चित्र वर्षानुवर्षे बदललेलं नाही. महाराष्ट्रात राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी मुस्लिम बंद्यांशी बोलून एक पाहणी केली होती. त्यातून दिसलं ते असं की बहुतेक जण गरीब घरांतले, कमी शिकलेले, आणि कोणत्याही टोळीशी संबंध नसलेले आहेत. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची मान्य क्षमता हजाराच्या आतली आहे. माणसं असतात तीन हजारांच्या वर. एवढ्या गर्दीत एखादा माणूस एकटा कसा पडेल, असं बाहेरच्याला वाटतं. पण पडतो.

पहिल्या सहा महिन्यांत घरचे धावपळ करतात. वकील, कोर्टाची तारीख, मुलाकातीची रांग, सगळं होतं. मग पैसे संपतात. येरवड्याला किंवा नाशिक रोडला जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. अम्मीला गुडघ्यांमुळे जमत नाही, भावाला कारखान्यातून सुट्टी मिळत नाही. त्यात ‘लोक काय म्हणतील’ असतंच. बहिणीचं स्थळ जमायच्या वेळी त्याचं नाव घरात घेणंही बंद होतं. कोणी ठरवून विसरत नाही, पण विसरलं जातं. कुरआनमधली हजरत यूसुफ (अ.) यांची हकिकत आपल्या सगळ्यांना पाठ आहे, त्यातला एक बारकावा मात्र आपण भरभर वाचून पुढे जातो. सोबतच्या कैद्याला त्यांनी सांगितलं होतं की तू सुटलास की तुझ्या धन्याजवळ माझा उल्लेख कर. तो सुटला आणि विसरला. यूसुफ (अ.) पुढची कित्येक वर्षं आतच राहिले. दरबारातल्या त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला फक्त आठवण राहिली नाही.

भुकेल्याला जेवू घालण्याचा उल्लेख ७६ व्या सूरहमध्ये (अद्-दहर) येतो, तिथे गरीब आणि अनाथ यांच्या जोडीला ‘असीर’ म्हणजे बंदीवान आहे. आपल्याकडे यतीमखाना आहे, लंगर आहे, रमजानचं किट आहे. असीरसाठी मात्र फार थोडं आहे. जे आहे ते बहुतेक कायदेशीर मदतीच्या स्वरूपात, आणि ती मदत मोलाची आहेच. पण वकील खटल्याबद्दल बोलतो. गल्लीतला लिंबाचा झाड तोडला का, हे त्याला कोण सांगणार?

अहमदनगरच्या किल्ल्यातली पत्रं

पत्र आणि कैद यांचं नातं बघायला आपल्याला लांब जावं लागत नाही. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांना अटक झाली आणि कार्यकारिणीच्या सदस्यांना अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) किल्ल्यात आणून ठेवलं. त्यात काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझादही होते. सुरुवातीला ना वर्तमानपत्र, ना पत्रव्यवहार. मौलानांनी तरीही पत्रं लिहायला घेतली, आपले स्नेही मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांच्या नावाने. ती टपालात पडणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. भल्या पहाटे उठायचं, स्वतःच्या हाताने चहा करायचा आणि लिहायला बसायचं. राजकारण त्यात जवळजवळ नाहीच. चहाच्या पानांची जात, संगीत, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्या आणि त्यांच्याशी हळूहळू झालेली ओळख, असले विषय. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. मौलाना किल्ल्यातच होते. त्या दिवसांबद्दलचं पत्रही त्यात आहे. सुटकेनंतर १९४६ मध्ये ही पत्रं ‘गुबार-ए-खातिर’ नावाने छापली गेली आणि उर्दू गद्याचा तो एक मोठा ग्रंथ ठरला.

आम्ही हे उदाहरण साहित्यप्रेमापोटी देत नाही. एवढा मोठा विद्वान, सोबत नेहरूंसारखी माणसं, तरी त्याला समोर नसलेल्या एका मित्राची गरज लागली. मग भिवंडीच्या यंत्रमागावरून उचललेला एकोणीस वर्षांचा पोरगा बॅरेकमध्ये काय करत असेल, याचा विचार व्हावा म्हणून देतो.

कायदा काय म्हणतो

कैद्याला पत्र लिहिणं हा गुन्हा नाही. हे वाक्य आम्ही मुद्दाम सुटं लिहितो आहोत, कारण भीती इथेच असते. टपालाने, खऱ्या नावाने, तुरुंगाच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र हा कायदेशीर मार्ग आहे. गुन्हा आहे तो नियम डावलून संपर्क साधण्याचा. १८९४ च्या तुरुंग अधिनियमाचं कलम ४२ तेच सांगतं: नियमांविरुद्ध बंद्याशी संपर्क साधला किंवा मनाई असलेली वस्तू आत-बाहेर केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे ओळखीच्या शिपायाच्या हातून चिठ्ठी, कोर्टाच्या तारखेला पोलिसांच्या गाडीत सरकवलेला कागद, सुटणाऱ्या कैद्याकडून निरोप, चोरून आत गेलेल्या मोबाईलवर बोलणं. ‘आपलाच माणूस आहे, देतो तो पोहोचवून’ असं म्हणणारा कोणीतरी भेटतोच. त्याला नाही म्हणा. पकडलं गेलं तर आतल्याची शिक्षा आधी होते: मुलाकात बंद, सवलती बंद.

केंद्र सरकारच्या आदर्श तुरुंग नियमावलीत बंद्याने नातेवाईक, मित्र आणि वकील यांच्याशी संपर्क ठेवण्याची सोय धरलेली आहे. बंद्याने महिन्याला किती पत्रं लिहावीत याची मर्यादा राज्य ठरवतं. त्याला येणाऱ्या पत्रांवर मात्र ही नियमावली मर्यादा घालत नाही. महाराष्ट्राचे स्वतःचे नियम आहेत आणि प्रत्यक्ष अंमलबजावणी त्या-त्या कारागृहाच्या अधीक्षकांच्या हातात असते. त्यामुळे एका तुरुंगात जे सहज चालतं ते दुसरीकडे अडतं. पत्र आत जाण्याआधी आणि बाहेर येण्याआधी वाचलं जातं. आक्षेपार्ह वाटलं तर अडवलं जातं. हे गृहीत धरूनच लिहायचं.

न्यायालयांनी या बाबतीत काय केलं ते मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं, कारण यातला एक महत्त्वाचा खटला मराठी पुस्तकाचाच आहे. प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांना भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध केलं होतं. आत बसून त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचं पुस्तक मराठीत लिहिलं आणि हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवायची परवानगी मागितली. सरकारने नाकारली. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची बाजू घेतली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६५ मध्ये तिथेही हरलं. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं: स्थानबद्धतेच्या अटींत पुस्तक लिहून बाहेर पाठवायला मनाई नाही, मग तो हक्क काढून घेता येणार नाही. अणूवरच्या पुस्तकाने देशाच्या सुरक्षेला काय धोका होता हे आज विचारायला मजा वाटते, पण कागद तुरुंगाबाहेर काढायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, ही त्यातली गंभीर बाजू.

पुढे तिहार तुरुंगातल्या सुनील बत्रा नावाच्या कैद्याने दुसऱ्या एका कैद्यावर झालेल्या अत्याचाराबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि तुरुंगातल्या वागणुकीबद्दलचा मोठा निकाल त्यातून आला. १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या पोलीस कोठडीतल्या स्त्रियांच्या स्थितीबद्दल लिहिलेल्या पत्राचंही तसंच झालं. १९८१ च्या फ्रान्सिस कोराली मुलिन प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केलं की कुटुंबीयांना आणि वकिलाला भेटणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जीवनाच्या हक्काचाच भाग आहे. बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कच्च्या कैद्यांची सुटका ज्या प्रकरणातून झाली त्यावर हुसैनारा खातून हे नाव आहे. १९७९ साली ते वर्तमानपत्रातल्या लेखांमुळे उभं राहिलं होतं. तुरुंगातून निघालेला किंवा तुरुंगाबद्दल लिहिलेला कागद फुकट जातोच असं नाही.

अनोळखी माणसाशी पत्रमैत्री

परदेशात कैद्यांशी पत्रमैत्रीची रीत जुनी आहे. अमेरिकेत कोणीही नागरिक कैद्याला लिहू शकतो. १९८७ मध्ये मिसिसिपीतल्या मृत्युदंडाच्या कैद्यावर बीबीसीने दाखवलेला माहितीपट बघून ब्रिटनमधल्या काही लोकांनी पत्रं लिहायला सुरुवात केली आणि त्यातून १९८८ मध्ये ‘लाइफलाइन्स’ ही संस्था उभी राहिली. ती अजून अमेरिकेतल्या फाशीच्या कैद्यांना पत्रमित्र मिळवून देते. आपल्याकडे अशी यंत्रणा जवळपास नाही. इथे पत्रं जातात ती घरच्यांची, दोस्तांची, नाहीतर वकिलाची.

तरीही ज्याला लिहायचं आहे त्याच्यासाठी वाट आहे. इंटरनेटवरून कोणाचं तरी नाव शोधून थेट पत्र टाकणं हा मात्र चुकीचा रस्ता, असं आमचं स्पष्ट मत आहे. आतल्या माणसाची संमती हवी. ती कशी मिळवायची? त्याच्या घरच्यांना भेटा. मुलाकातीला ते जातील तेव्हा विचारतील, ‘अमक्याला तुला लिहायचंय, चालेल का?’ तो हो म्हणाला की त्याच्याकडूनच पहिलं पत्र आलेलं उत्तम, म्हणजे ओळख कागदावर येते आणि तुरुंग अधिकाऱ्यालाही हा कोण असा प्रश्न पडत नाही. घरचे नसतील तर त्याचा वकील, किंवा तुरुंगात काम करणारे समाजकार्यकर्ते. टाटा संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबईच्या तुरुंगांत काम करतो आहे. अशा लोकांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. ज्याचं कोणी येत नाही, ज्याची मुलाकात कधी पुकारली जात नाही, असे बंदी त्यांना माहीत असतात.

बायकांचा तुरुंग हा वेगळा विषय आहे आणि त्यावर आपल्या समाजात बोललंच जात नाही. मुलगा आत गेला तर आई रांगेत उभी राहते. सून आत गेली तर बहुधा कोणीच राहत नाही. भायखळ्याच्या महिला तुरुंगात असो की येरवड्याच्या, सहा वर्षांपर्यंतचं मूल आईसोबत आत राहू शकतं, त्याहून मोठी मुलं बाहेर नातेवाइकांकडे किंवा संस्थेत. त्या आईला मुलांच्या शाळेची खबर देणारं एक पत्र, हे आमच्या मते सगळ्यात गरजेचं पत्र आहे. आपल्या भगिनींनी, विशेषतः शिक्षिकांनी, हे काम हातात घ्यावं.

लिफाफ्यावर काय लिहायचं

बंद्याचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासह लिहा. मोहम्मद शेख नावाचे आत किती असतील याचा अंदाज करा. नावापुढे बंदी क्रमांक. कच्च्या कैद्याचा वेगळा, शिक्षा झालेल्याचा वेगळा असतो आणि निकालानंतर तो बदलतो. घरच्यांना माहीत असेल तर बॅरेक किंवा सर्कलही लिहा. मग ‘द्वारा, अधीक्षक’ आणि कारागृहाचं नाव, गाव, पिनकोड. उदाहरणार्थ येरवडा मध्यवर्ती कारागृह, येरवडा, पुणे ४११००६. मागे तुमचं खरं नाव आणि पत्ता. निनावी पत्र पुढे जाण्याची अपेक्षा ठेवू नका.

घरचा पत्ता द्यायचा नसेल तर ती सावधगिरी योग्यच आहे. संस्थेचं कार्यालय, वाचनालय, ट्रस्ट यांचा पत्ता त्यांच्या परवानगीने वापरता येतो. टपाल कार्यालयात भाड्याने पोस्ट बॉक्सही मिळतो. एकट्या राहणाऱ्या बाईने घरचा पत्ता आणि मोबाईल नंबर अनोळखी बंद्याला देऊ नये, हे आम्ही कोणाला वाईट वाटो की न वाटो, सांगणारच.

आंतर्देशीय पत्र अडीच रुपयांना मिळतं आणि या कामाला तेच सगळ्यात सोयीचं. त्यात आत काही घालता येत नाही, त्यामुळे तपासणाऱ्याचं कामही सोपं होतं. पन्नास पैशांचं पोस्टकार्डही चालतं, पण ते वाटेत कोणीही वाचतं. पोहोच हवी असेल तर स्पीड पोस्ट. जुनं रजिस्टर टपाल १ सप्टेंबर २०२५ पासून त्यातच विलीन झालं आहे. लिफाफ्यात नोटा, सिम कार्ड, अत्तर लावलेला कागद, ताबीज, चिकटवलेले स्टिकर असलं काही घालायचं नाही. फोटो घालण्याआधी त्या तुरुंगात चालतो का ते विचारून घ्या. पैसे द्यायचे असतील तर ते बंद्याच्या तुरुंगातल्या खात्यावर अधिकृत मार्गाने जातात, त्यातून तो कॅन्टीनमधून साबण-बिस्कीट घेतो. पत्रातून पैसे नाहीत.

आणि भाषा. उर्दूत लिहिण्याचा मोह होतो, विशेषतः आतला माणूस मदरशात शिकलेला असेल तर. पण पत्र तपासणाऱ्याला उर्दू वाचता येत नसेल तर ते अडकून पडतं, कधी कधी महिनोन्महिने. सलाम, दुआ सगळं देवनागरीत लिहा. मराठी किंवा हिंदी, सुटसुटीत अक्षरात. संक्षेप, टोपणनावं, आपापसातल्या खुणा टाळा. ‘चाचांचं ते काम झालं’ या वाक्याचा अर्थ तुम्हाला एक वाटतो, सेन्सॉरला दुसरा वाटू शकतो. चाचांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, असं सरळ लिहा.

काय लिहायचं, काय नाही

खटल्याबद्दल लिहायचं नाही. साक्षीदार, पोलीस, सहआरोपी, कोण काय बोललं, यातलं काहीही नाही. तुम्ही सहज लिहिलेलं वाक्य उद्या कोणत्या फाइलला लागेल सांगता येत नाही, आणि यूएपीएसारख्या कायद्याखालच्या प्रकरणात तर दुप्पट जपा. ‘तू खरंच केलंस का?’ हा प्रश्न कधीही विचारू नका. दुसऱ्या बंद्याबद्दल, तुरुंगातल्या अधिकाऱ्यांबद्दल खोदून विचारू नका. उत्तर लिहिणाऱ्याला त्रास होतो. आणि ‘लवकरच सुटशील इन्शाअल्लाह’ हे प्रत्येक पत्रात लिहू नका. पहिल्या वर्षी ते बरं वाटतं, पाचव्या वर्षी टोचतं.

मग उरतं काय? सगळंच. पाऊस कधी आला. कांद्याचा भाव. मोहल्ल्यातल्या नळाला पाणी किती वाजता येतं. कोणाचं लग्न, कोणाची मय्यत, मशिदीचा नवा मिनार अजून अर्धाच का आहे. क्रिकेटचा निकाल. रमजानचा चाँद कुठे दिसला आणि कोणी वाद घातला. तुम्ही काय वाचताय. त्याने आधीच्या पत्रात विचारलेल्या गोष्टीचं उत्तर. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यावरून त्याला कळतं की आपलं वाचलं गेलं. प्रत्येक पत्रावर तारीख आणि क्रमांक टाका. तिसरं मिळालं आणि दुसरं मिळालं नाही हे मग दोघांनाही समजतं.

एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. ज्याला तुम्ही लिहिता त्याला वाचता येत नसेल तर दुसरा कोणी बंदी त्याला वाचून दाखवतो. वाचता येत असलं तरी पत्र बॅरेकमध्ये फिरतं. एका पत्राला चार-पाच श्रोते असतात. त्यामुळे खासगी दुःख, घरातलं भांडण, बायकोच्या माहेरच्या गोष्टी जपून लिहाव्यात. उलट गल्लीचा एखादा मजेदार किस्सा लिहिलात तर तो पूर्ण सर्कलभर जातो.

ईदच्या आधी तीन आठवडे पत्र टाका, ईदला नाही. उत्तर यायला पंधरा दिवस लागतील, दोन महिने लागतील, कधी येणारच नाही. बंद्याकडे कागद नसतो, तिकीट नसतं, लिहून देणारा नसतो, किंवा मन नसतं. दोन पत्रांना उत्तर नाही म्हणून तिसरं थांबवू नये असं आम्हाला वाटतं. पण जमणार नसेल तर सुरूच करू नका. महिन्याला एक पत्र, वर्षभर, एवढं ज्याला शक्य आहे त्यानेच पहिलं पत्र लिहावं. उत्साहात चार पत्रं लिहून गायब होणारा माणूस न लिहिणाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

पैशांची मागणी येऊ शकते. कधी ती खरी असते, कधी नसते. पत्रमित्र म्हणून तुमचं काम पैसे देणं नाही, हे पहिल्या पत्रातच प्रेमाने लिहून टाका.

मात्र काही मागण्या अशा असतात ज्यांवर हातावर हात ठेवून बसता येत नाही. ‘दीड वर्ष झालं, तारीख पडत नाही’, ‘जामीन झालाय पण जामीनदार नाही’, ‘वकील येतच नाही’ अशी वाक्यं पत्रात आली तर ती वाचून हळहळू नका, पुढे पाठवा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं आणि कोठडीतल्या प्रत्येकाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं की याआधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने आत्ताच्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जामिनावर सोडावं. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी आहे. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकणारे गुन्हे यातून वगळले आहेत, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तर हा लाभ मिळत नाही. मुदत भरली की अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे. पैशांअभावी अडकलेल्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे. त्या वर्षी ठरलेल्या मर्यादा अशा होत्या: कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४० हजारांपर्यंत, दंड न भरल्याने आत राहिलेल्याला २५ हजारांपर्यंत. यूएपीए, अमली पदार्थ यांसारख्या कायद्यांखालच्या बंद्यांना ती लागू नाही. आतल्या माणसाला यातलं काहीच माहीत नसतं. जकातीच्या पैशातून जामिनाची रक्कम भरता येते का, हे ज्याने-त्याने आपल्या भरवशाच्या आलिमला विचारावं. कुरआनमध्ये जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत त्यात बंधनातून माणसं सोडवण्याचा समावेश आहे, एवढं इथे नोंदवतो.

समुद्रापलीकडचे तुरुंग

रत्नागिरी, रायगडच्या घराघरांतून माणसं आखातात गेलेली आहेत. तिथे कोणी पकडला गेला तर घरच्यांना आधी कळतच नाही, फक्त फोन बंद होतो. अशा वेळी त्या देशातल्या भारतीय दूतावासाकडे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर लेखी नोंद करावी. दूतावासाचे अधिकारी बंद्याला भेटू शकतात. घरचा मजकूर पोहोचवण्याची विनंती त्यांनाच करायची. तिथल्या ओळखीच्या माणसाला थेट तुरुंगावर पाठवू नका, त्याचा इकामा धोक्यात येईल.

पालघर, डहाणूकडच्या मच्छीमारांचं दुःख आणखी वेगळं. समुद्रातली हद्द डोळ्यांना दिसत नाही. बोट पलीकडे गेली की खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात. २००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या याद्या देतात. आपल्या माणसाचं नाव यादीत आहे का, हा घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, पत्र त्यानंतर. टपाल आणि फोन जिथे पोहोचत नाहीत तिथे रेडक्रॉसचा कौटुंबिक संदेशाचा मार्ग असतो. त्यात फक्त घरची ख्यालीखुशाली लिहायची, कागद उघडा असतो आणि वाटेत वाचला जातो.

परत आलेलं पत्र

लिफाफा शेरा मारून परत आला की लोक घाबरतात. बहुतेक वेळा कारण साधं असतं: बंद्याची दुसऱ्या कारागृहात बदली झाली, किंवा नाव-क्रमांक जुळला नाही. आर्थर रोडहून तळोजा, ठाण्याहून नाशिक रोड, अशा बदल्या गर्दीमुळे चालू असतात आणि घरच्यांनाही त्या उशिरा कळतात. शेरा नीट वाचा, घरच्यांकडे किंवा वकिलाकडे नवीन पत्ता विचारा, आणि तेच पत्र नव्या लिफाफ्यात घालून जुन्या तारखेसकट पाठवा. तारीख बदलू नका. त्या दिवशीही कोणीतरी लिहीत होतं हे त्याला दिसू द्या.

काही वेळा शेरा ‘सुटला’ असा असतो. तेव्हा तो पत्रमित्र तुमच्या शहरात, तुमच्या गल्लीत असू शकतो. फोन करायचा की नाही हे त्याच्यावर सोडा. काही जण सुटल्यावर तुरुंगाशी जोडलेली प्रत्येक ओळख तोडतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. काही जण स्वतः लिहायला बसतात. मुंबईच्या २००६ च्या रेल्वे स्फोट खटल्यातून नऊ वर्षांनी, २०१५ मध्ये निर्दोष सुटलेले शिक्षक अब्दुल वाहिद शेख यांनी ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक लिहिलं. तर काही जण पहिल्या ईदला पत्ता शोधत दारात येतात, हातात शिरखुर्म्याचा डबा आणि तुमच्या पत्रांची गठ्ठी घेऊन. पत्रं परत मागायची नाहीत. ती त्याची आहेत.